लाटेचे मोल

ज्याला बाजारभाव नाही त्याला मोलही नाही, हा समज किती महागात पडतो, हे स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील मुंडाका या छोट्या गावाने अनुभवले आहे. ओका नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर फुटणारी तेथील लांब लाट सर्फिंगपटूंना दुरून खेचून आणते. २००३ मध्ये नदीतील गाळ उपसला गेला. वाळू सरकली, लाट मोडली आणि २००५ ची जागतिक मालिकेतील स्पर्धा रद्द करावी लागली. असे नुकसान उपसणाऱ्याच्या जमाखर्चात उमटत नाही. ते गावातील खाणावळवाल्याच्या माथी येते. पुढे वाळू परतली, हे निसर्गाचे औदार्य. धोरणाचे श्रेय नव्हे. पेरूने मात्र २००० साली अशा लाटांना कायद्याचे संरक्षण दिले. किनाऱ्याला हात लावण्यापूर्वी लाटही हिशेबात धरणे, हेच खरे अर्थशास्त्र होय.