रुंद कयाक आणि कशेळीचा चिखल

आठवडाभर दुसऱ्यांचे बग काढणारा माणूस रविवारी काय करतो? मी गळ टाकून बसतो. मासे पकडतो असं म्हणणं जरा धाडसाचं होईल :-)

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. खाडी कुणालाच आठवत नाही. खरं तर कशेळीच्या पुलावरून ठाण्याला जाताना ती रोज खाली दिसते. तर मागच्या हिवाळ्यात माझ्या एका मित्राने फिशिंग कयाक घेतली. 12 फूट लांब, 36 इंच रुंद, वजन 45 किलो, वर आरामखुर्चीसारखी उंच सीट. इंटरनेटवर सगळे सांगतात ना, नवशिक्याने सगळ्यात स्टेबल आणि सगळ्यात आरामशीर घ्यावी. त्याने अगदी तेच केलं.

माझं मत विचाराल तर हा सल्ला अर्धवट आहे. आमच्या खाडीत तर सरळ चुकीचा आहे.

आधी थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. (डिग्री मेकॅनिकलची, पोटापाण्याला जावा. त्यामुळे संधी मिळाली की सोडत नाही.) लांबी आणि वजन सारखं धरलं तर शांत पाण्यातली स्थिरता साधारण रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे 24 इंची कयाकपेक्षा 36 इंची कयाक तिपटीहून जास्त स्थिर. तलावात यावर उभं राहून गळ टाका, काही होत नाही. पण रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. बाजूने लाट आली आणि पाणीच तिरकं झालं की कयाकही तेवढीच तिरकी होते, आणि उंच सीटवर तुम्ही असाल तर तुमचं वजन नको तिकडे झुकतं. अरुंद, गोलसर तळाची कयाक सुरुवातीला डुगडुगते, पण कंबरेच्या झोकाने तिला सरळ ठेवता येतं. एकच कयाक तलावात स्थिर आणि लाटांत बेभरवशाची असू शकते, ती अशी.

असो. आमचं जे झालं ते लाटांमुळे नाही, चिखलामुळे झालं.

पौर्णिमेचा रविवार होता. साडेअकराला उतरलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. सीट इतकी मस्त की पाठ दुखली नाही, पाय आखडले नाहीत, आणि म्हणूनच घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. ओहोटी खाली समुद्राकडे ओढत होती, समोरून पश्चिमेचा वारा. दोघांच्या झोंबाझोंबीत पाणी असं उभं राहत होतं की मी मुकाट्याने सीट खालच्या खाचेत टाकली. चारला परतलो तर काठ आणि आमच्यामध्ये पंचवीस-तीस पावलं नुसता चिखल, मांडीपर्यंत रुतणारा. 45 किलोचं धूड दोघांना इंचभर हलेना. स्टेबल म्हणजे किती स्टेबल!

काठावर एक काका पाग वाळत घालत होते. थोडा वेळ आमची गंमत बघून म्हणाले, "पानी गेल्यावं ही होरी लोटायची कोनी, पोरांनो?" मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत जरा उशिरा. तिथून सहा तासांवर पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. कॅलेंडर घरोघरी भिंतीवर असतं, आम्ही अॅपमध्ये हवामान बघून आलो होतो.

साडेआठला पाणी परत आलं. तोवर चंद्र बघत बसलो. डास सोडले तर छान होता.

आता माझी निवड सांगतो. खाडीसाठी दहा फुटांच्या आसपास, 30-31 इंच रुंद, एकट्याने ओढता येईल अशी 25 किलोच्या आतबाहेर. वर बसायची, पाणी आपोआप निचरून जाईल अशा भोकांची. सीट खालची, पण पायाला टेकू पक्का हवा. पाठीचा आराम निम्मा तिथून येतो. पेडलवाली नको. तिच्या पात्यांना फूट-दीड फूट पाणी लागतं, आणि ओहोटीला ती आधी चिखलात रुततात. लाइफ जॅकेट अंगावर, सीटमागे बांधलेलं नव्हे. समुद्रासाठी लांब, निमुळती कयाक लागते, आणि ती चालवायला शिकावं लागतं. मी अजून शिकलेलो नाही, त्यामुळे वसईच्या पुढे जात नाही. आणि तानसा, वैतरणा हे मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, तिकडे कयाक न्यायचा विचारच सोडा.

मित्राने ती 36 इंची विकायला काढली आहे. उत्तम स्थितीत आहे, चिखल धुतलेला आहे. कुणाच्या घराजवळ मासेमारीला परवानगी असलेला शांत तलाव असेल, तर खरंच घ्या.