रविवारचे बेट

पूर्वी शनिवार मारुतीचा असे आणि रविवार खंडोबाचा. हल्ली हे दोन्ही वार मोटारीने पळविले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की पुण्या-मुंबईच्या मोटारी कोकणाकडे तोंड करून निघतात आणि रविवारी रात्री घाटात एकमेकींच्या मागे कण्हत-कुंथत परत जातात. आम्हां रत्नागिरीकरांची पंचाईत निराळीच. सारी दुनिया दोन दिवसांसाठी जिथे येते तिथे आम्ही बारा महिने राहतो. मग दोन दिवस सुटी मिळाली तर आम्ही जावे कुठे?

आमच्या शेजाऱ्यांनी महाबळेश्वर काढले. मी बेट काढले. बेट म्हटल्याबरोबर घरातली मंडळी अंदमानपासून मालदीवपर्यंत जाऊन आली आणि विमानाचे भाडे ऐकून आपापल्या जागी परत बसली. रत्नागिरी जिल्ह्याला स्वतःचे बेट आहे, आठ-एक एकरांचे, आणि ते आपल्याच हर्णै बंदरासमोर उभे आहे, हे सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, "तो तर किल्ला आहे!" किल्ला खराच. सुवर्णदुर्ग. पण चहूकडून पाणी असलेल्या जमिनीला भूगोलाच्या पुस्तकात जे म्हणतात तेच तोही आहे. फक्त आपण किल्ला म्हटले की इतिहासाचा तास आठवतो, आणि बेट म्हटले की सुटी आठवते.

शिवाय वाट अशी सुरेख आहे की बेट नसते तरी मी गेलो असतो. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने आरे-वारे, गणपतीपुळे, केशवसुतांचे मालगुंड करीत जयगड गाठायचे. तिथे शास्त्रीची खाडी आडवी येते. मोटारीसकट तरीवर चढून पलीकडे तवसाळला उतरायचे. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करून धोपावे. तिथे वाशिष्ठीची खाडी. पुन्हा तर, आणि पलीकडे दाभोळ. दाभोळहून हर्णै जवळच. एरव्ही वाशिष्ठी ओलांडायची तर चिपळूणपर्यंत आत शिरून वळसा घ्यावा लागतो. तरीने तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते. मोटारी नेणारी ही तर धोपावे-दाभोळला २००३ साली सुरू झाली. आमच्याकडचे लोक तिला 'जंगलजेट्टी' म्हणतात. जंगलाचा आणि तिचा संबंध काय, हे विचारू नये. नाव पडले ते पडले.

बरोबर आमचे मामा होते. वय ऐंशीच्या घरात, कानाने थोडे कमी, पण डोळ्यांनी माझ्याहून बरे. जयगडला तरीची लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडली, दुचाक्या, टेंपो, पाटीवाल्या बायका आणि कॉलेजातली पोरे आत शिरली, आणि मामा मोटारीतून उतरून कठड्याला धरून उभे राहिले ते पलीकडे लागेपर्यंत. मग एकदम त्यांनी पाढा म्हणावा तसे म्हणायला सुरुवात केली: "हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी."

ही मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीची बंदरे. मामांच्या लहानपणी 'रोहिदास', 'चंपावती' ही नावे घरातल्या माणसांच्या नावांसारखी घेतली जात. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडावातून माणसे, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या आणि रडणारी पोरे तिच्या शिडीपाशी नेली जात. लाट वर आली की खलाशी बखोट धरून वर ओढी. मामा म्हणतात, पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा मुंबईचे भय वाटले नाही, त्या शिडीचे वाटले. पावसाळ्याचे चार महिने तेही बंद. मग मुंबईला गेलेला मुलगा मुंबईत आणि आई इथे. मध्ये काय ती पत्रे. ही प्रवासी बोट बंद पडून आता कित्येक वर्षे झाली. आम्ही मोटारीतून जयगड, दाभोळ, हर्णै अशी जी सहल करीत होतो तो मामांचा पाढाच होता, उलटा म्हटलेला.

इथे एक कबूल केले पाहिजे. कोकणातला माणूस समुद्रावर गंमत म्हणून कधी जात नसे. समुद्र हा त्याचा रस्ता होता, आणि रस्त्यावर हौसेने कोण बसतो? आता रस्ता डांबराचा झाला आणि समुद्र 'बघण्याचा' झाला. त्या जुन्या रस्त्याचा जो एक तुकडा अजून रोजच्या वापरात आहे तो म्हणजे ही तर. रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल धरलेले आहेत. ते झाले की तरी उठतील. झालेच पाहिजेत, रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे असते त्याला माझ्या रविवारचे काय कौतुक! पण पूल होण्यापूर्वी एकदा तरीवर उभे राहून घ्या, एवढे मी म्हणेन. मोटारीत काचा वर करून बसू नका.

दाभोळबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण आपल्याला बेटावर जायचे आहे. इतकेच सांगतो, की पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन प्रवासी बहामनी राज्य हिंडून मायदेशी परतताना याच बंदरातून जहाजावर चढला, आणि १५०८ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे भरभराटीचे शहर जाळून लुटले. आज तिथे उतरल्यावर तुम्ही नारळपाणी पिऊन पुढे जाता. जगाला मात्र दाभोळ ठाऊक आहे ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प दाभोळात नाहीच; खाडीच्या अलीकडच्या बाजूला अंजनवेलजवळ आहे. नावाचे नशीब म्हणतात ते हे.

हर्णैला आम्ही दुपार कलताना पोहोचलो ते बरे झाले, कारण तीच लिलावाची वेळ. होड्या उथळ पाण्यात उभ्या, बैलगाड्या थेट पाण्यात शिरलेल्या, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत आणि त्यांना त्याचे काहीच नाही. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे वाटे. बोली इतक्या भराभर चढते की तुम्ही डोके खाजवायला हात वर केलात तर टोपलीभर बांगडे पदरात पडायचे. हिने सुरमई घेतली. उतरण्याच्या घरी ती रांधून मिळाली. या विषयावर आणखी लिहिणे म्हणजे शाकाहारी वाचकांना दिवाळीच्या फराळावरून उठविणे होईल.

रविवारी सकाळी होडी. किनारा ते किल्ला अंतर म्हणाल तर पाव मैलाच्या आसपास. इंजिनची होडी बघता बघता नेते. आम्ही पाच, दुसरे एक मोठे कुटुंब, आणि "दोघेच आहोत हो" म्हणत शेवटी धावत आलेले दोघे तरुण. मामा होडीत पाय टाकेनात. बोटाने माणसे मोजली, जाकिटे मोजली. माणसे दोनाने जास्त. "मामा, बसा हो, इथे तर जायचे आहे," होडीवाला म्हणाला. मामा म्हणाले, "रेवसही इथेच होते."

होडीवाल्याला कळले. त्याच्या वयाच्या पुष्कळांना कळत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली 'रामदास' बोट रेवसला पोहोचण्यापूर्वी भर पावसात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. मामा तेव्हा रांगत होते, पण कोकणातल्या घरांतून ही गोष्ट पोरांना इतक्या वेळा सांगितली गेली की त्यांना ती पाहिल्यासारखी आठवते. ते दोघे तरुण थोडे हिरमुसून उतरले आणि दुसऱ्या खेपेला आले. पुढे किल्ल्यावर त्यांनीच मामांना हात धरून पायऱ्या चढविल्या.

होडी वाळूला लागते तिथून दरवाजा समोर असूनही चटकन दिसत नाही. बुरूज असे पुढे काढले आहेत की दार त्यांच्या कुशीत लपते. पायरीवर कासव कोरलेले, भिंतीवर मारुती. तटाचा खालचा भाग बेटाच्या मूळ खडकातूनच तासून काढला आहे आणि वर दगडांचे मोठमोठे चिरे रचले आहेत. खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होते ते शोधण्यात चिरंजीवांचा अर्धा तास बरा गेला. आत रान माजलेले, चौथरे, कोठारांचे अवशेष, पाण्याची टाकी आणि विहीर. पश्चिमेला, भर समुद्राच्या अंगाला, छोटा चोरदरवाजा. वस्ती नाही. चहा नाही. पिण्याचे पाणी आपले आपण न्यायचे. बहुतेक लोक पाऊण तासात छायाचित्रे काढून परततात, कारण 'पाहण्यासारखे काही नाही'.

पाहण्यासारखे आहे ते तुम्ही नुकतेच ओलांडून आलात ते पाणी. शिवाजी महाराजांनी हा दुर्ग आदिलशाहीकडून घेऊन बळकट केला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तो मोठा आधार झाला. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांचे चिरंजीव तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले, इतके की पेशव्यांनी तुळाजीला वठणीवर आणण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांना साथीला घेतले. १७५५च्या एप्रिलात कमोडोर विल्यम जेम्स जहाजे घेऊन इथे आला. आधी त्याने पश्चिमेकडून तोफा डागल्या. खडकाला त्याचे काही वाटले नाही. मग तो किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरला, म्हणजे आपली होडी आली तिथे, आणि तिथून मारा केला. आत आग लागून दारूचे कोठार उडाले. किनाऱ्यावर पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव आंग्र्यांच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांशी झुंजत होते. सुवर्णदुर्ग पडला. पुढल्याच वर्षी, १७५६च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले. तिथे हजर असलेला क्लाइव्ह त्यापुढल्या वर्षी प्लासीला होता. तुळाजी आंग्रे उरलेला जन्म कैदेत राहिला.

ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि इंग्रजांनी बाणकोट ठेवून घेतले. सौदा कोणाला स्वस्त पडला ते आपण जाणतोच. १८०२ साली होळकरांकडून हार खाऊन पुण्याहून पळालेला दुसरा बाजीराव आसऱ्याला आला तो याच सुवर्णदुर्गात, आणि इथून वसईला जाऊन त्याने इंग्रजांशी तह केला. म्हणजे काकांनी जो किल्ला इंग्रजांच्या मदतीने जिंकला त्याच्याच पायरीवरून पुतण्या इंग्रजांच्या पदरात गेला! वर्गात हे सगळे मी पाठ केले होते. त्या चोरदरवाज्यात वारा खात बसल्यावर ते पहिल्यांदा टोचले.

आता गंमत ऐका. तो जेम्स इंग्लंडात परत जाऊन सर विल्यम झाला आणि १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने पुढल्याच वर्षी लंडनच्या शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याचे स्मारक म्हणून एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी तोंडात भिजून मऊ झालेला. तो पडायला आला तेव्हा तिथल्या रहिवाशांनी संस्था काढली, डागडुजी केली आणि २०१४ साली पुन्हा उघडला. वर चढून लंडन पाहता येते, खाली चहाही मिळतो. मूळ सुवर्णदुर्ग कुठे आहे हे तिथल्या चहा पिणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. पण इकडे सुवर्णदुर्ग पाहून आलेल्यांतल्या कितीजणांना तो मनोरा ठाऊक आहे?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातला हा एकटा. आनंद आहे. आता धक्का होईल, पाट्या लागतील, गर्दी वाढेल, आणि कोणीतरी बेटावर चहाची टपरी सुचवील. धक्का जरूर व्हावा. मामांच्या वयाच्या माणसाला गुडघाभर पाण्यात उतरविणे बरे नव्हे. पाटीवर १७५५ची हकिकत न लाजता लिहावी. टपरी मात्र किनाऱ्यावरच राहू द्यावी. आठ एकरांच्या जागेत माणसाचा आवाज नसणे ही आता दुर्मीळ चीज आहे, आणि आम्ही तिथे पाण्याच्या ज्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या त्या काही तुळाजीच्या काळच्या नव्हत्या.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात जाऊ नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. भरती-ओहोटी होडीवाल्याला विचारावी, भाडे आणि परतीची वेळ चढण्यापूर्वी ठरवावी, आणि 'दोन तास थांबणार' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो पाऊण तासात हाका मारू लागतो. वेळ उरला तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जावे. तिथून हा सारा देखावा एका नजरेत येतो.

परतताना दाभोळच्या धक्क्यावर मोटारींची रांग लागली होती. आमची मोटार आत शिरायला एका खेपेचा अवकाश होता. चिरंजीवांनी मोबाइल खिशात घातला आणि मामांना विचारले, "मुसाकाजीच्या पुढे काय हो?"

"विजयदुर्ग," मामा म्हणाले. "पण आधी पहिल्यापासून म्हण."