उघडी मूठ

आमच्या पालक मेळाव्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. या वेळी तो मुखेड तालुक्यातील एका मातेने विचारला. त्यांचा थोरला मुलगा एम.ए., बी.एड. असून एका कार्यालयात कंत्राटी शिपाई आहे आणि धाकटा आमच्या वसतिगृहात आठवीत शिकतो. "गुरुजी, एवढं शिकून साहेबाला पाणीच द्यायचं, तर धाकट्याला कशापायी शिकवायचं?" त्या क्षणी आम्ही निरुत्तर झालो. हा लेख म्हणजे त्या माउलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

परिस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरच्या मुलांना पदवीसाठी औरंगाबादकडे पाहण्याची गरज उरली नाही. पदवी दाराशी आली, मात्र पदे त्या प्रमाणात आली नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तलाठी होण्यास कोणतीही पदवी पुरते. पण अर्जदारांत अभियंते आणि पदव्युत्तर उमेदवारही होते. नेट-सेट झालेले कित्येक जण महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. अनुकंपा तत्त्वावर पदवीधर मुलगा गट 'ड' मध्ये लागतो, तो पुष्कळदा तिथेच राहतो. अशांना 'अतिशिक्षित' म्हणण्याची रीत पडली आहे. आमच्या मते हा शब्दच फसवा आहे. शिक्षण कधी अति होत नसते; खुर्ची लहान पडते.

खुर्ची लहान असली तरी ज्ञान लहान होत नाही. मग ते जाते कुठे? आमचे माजी विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून याचे उत्तर मिळते. एकाने वरिष्ठांना हिशेबाची सोपी पद्धत सुचविली, तर "तुझे काम तू कर" असे ऐकावे लागले. दुसऱ्याने अहवाल लिहून दिला, त्यावर नाव भलत्याचेच लागले. तिसऱ्याला संगणक येतो हे कळताच साऱ्या कार्यालयाचे काम त्याच्या गळ्यात पडले आणि पगार मात्र होता तेवढाच राहिला. तिघांनीही पुढे एकच केले. ते गप्प बसले. आमच्या समाजातील मुलांच्या वाट्याला याहून कटू असे आणखी एक येते. त्यांची पदवी न पाहता केवळ जातीचा दाखला पाहिला जातो आणि त्यांना काही येत असेल, हेच कोणी गृहीत धरीत नाही. ज्याला कोणी विचारीत नाही, तो सांगेल तरी काय?

या दुःखाची जात जुनी आहे. 1917 साली बाबासाहेब बडोद्याला रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. त्यांच्यापाशी होती आणि लंडनमध्ये त्यांचे अध्ययन सुरू झालेले होते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली होती, मानाचे पदही दिले. कचेरीतील शिपाई मात्र विटाळाच्या भीतीने फायली दुरून फेकीत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अल्पावधीतच त्यांनी बडोदा सोडले. पुढे 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळविणारा हा अर्थशास्त्रज्ञ बडोद्याच्या कचेरीत होता. पण त्या कचेरीला त्याच्याकडून काहीच शिकता आले नाही. हुकमाने माणूस खुर्चीवर बसतो. त्याचे ज्ञान टेबलावर यायला शेजाऱ्यांचे मन मोकळे असावे लागते.

तथापि सारा दोष इतरांच्या पदरात टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या टिपणवह्या सख्ख्या मित्रापासून लपविणारे आमच्यातही आहेत. "सगळेच सांगितले तर आपली किंमत काय उरेल?" हा हिशेब आमच्याही मनात चालतो. शिवाय पदवीचा ताठा हीसुद्धा एक मिटलेली मूठच असते. तीस वर्षे फेरफाराच्या नोंदी लिहिलेल्या दहावी पास कारकुनाला जे ठाऊक असते, ते कोणत्याही एम.ए.च्या पुस्तकात नसते. त्याच्यापाशी जाऊन बसण्यात कमीपणा वाटत असेल, तर आमच्या शिक्षणात उणीव राहिली असेच म्हणावे लागेल.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी स्पष्ट केले आहे की, शिष्यांपासून काही राखून ठेवणारी आचार्याची मिटलेली मूठ त्यांच्यापाशी नाही. गुरूने विद्या हातची राखावी आणि अनेकांना ती ऐकूही देऊ नये, अशी व्यवस्था असलेल्या देशात ही भूमिका क्रांतिकारकच म्हटली पाहिजे. परंतु उघड्या मुठीचा अर्थ फुकट राबणे असा होत नाही. ज्याचे ज्ञान घ्यावे त्याचे नाव घ्यावे, त्याच्या कामाचे दाम द्यावे. एवढे केले तरच मूठ उघडी राहते.

म्हणून अधिकारपदी पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या हाताखालच्या प्रत्येक माणसाचे शिक्षण किती, हे एकदा विचारून पाहा. महिन्यातून एक तास त्याला बोलू द्या. टिपणीवर त्याचे नाव येऊ द्या. कोणी आपल्याहून अधिक शिकलेला निघाला, तर त्याचे भय बाळगू नका. लहान पदांवर असलेल्यांना आम्ही एवढेच सांगू की, कार्यालयात तुमच्या विद्येला गिऱ्हाईक नसेल, तर रविवारी वसतिगृहात या. दहावीची मुले गणितासाठी आणि इंग्रजीसाठी तुमची वाट पाहत असतात.

त्या माउलीचा थोरला मुलगा गेल्या महिन्यापासून दर रविवारी येतो आहे. आम्ही त्याला प्रवासखर्च आणि अल्पसे मानधन देतो. त्याच्या नोकरीत अद्याप काही बदल झालेला नाही, तो व्हावा यासाठीची लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. मात्र आठवीच्या वर्गात धाकटा भाऊ पहिल्या बाकावर बसतो आणि फळ्याशी उभा असलेला थोरला त्याला उभे करून प्रश्न विचारतो. बाई, धाकट्याला कशासाठी शिकवायचे, हे तुम्ही एखाद्या रविवारी येऊन स्वतःच पाहावे.