भाड्याच्या घराला सॉफ्टवेअरचा नकार: अमेरिकेतलं टेनंट स्क्रीनिंग चालतं कसं?

अमेरिकेतल्या मोठ्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने घर हवं असेल, तर मालकाला भेटून ‘आम्ही चांगल्या घरचे आहोत’ असं सांगण्याची सोय फारशी नसते. अर्ज ऑनलाइन भरायचा, फी भरायची आणि थांबायचं. पुढचं काम प्रॉपर्टी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर करतं.

आत काय होतं?

भाडं गोळा करणं, दुरुस्तीच्या तक्रारी, करार हे सगळं हे सॉफ्टवेअर सांभाळतं. त्यातच टेनंट स्क्रीनिंगची सोय असते. तुमचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर टाकला की क्रेडिट रिपोर्ट, कोर्टातली घर खाली करण्याची प्रकरणं आणि गुन्ह्यांच्या नोंदी एकत्र येतात. मालकाने आधीच ठरवलेल्या निकषांवर त्या तपासल्या जातात. अनेकदा मालकाला फक्त एक स्कोअर आणि ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढंच दिसतं.

मग अडचण कुठे?

क्रेडिट स्कोअर बनला तो कर्ज फेडलं जाईल का, हे सांगायला. भाडं वेळेवर येईल का, हा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षं नियमित भाडं भरलं, तरी मालकाने ते कळवलं नसेल तर क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याची नोंदच नसते. क्रेडिट कार्डची थकबाकी मात्र लगेच दिसते.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली ‘सेफरेंट’ या स्क्रीनिंग कंपनीवर खटला झाला तो याच मुद्द्यावर. एका महिलेकडे दीड दशकाहून जास्त काळ वेळेवर भाडं भरल्याचा जुन्या मालकांचा दाखला होता. भाड्याचा मोठा भाग सरकारी व्हाउचरमधून येणार होता. तरी नकार आला. स्कोअर व्हाउचरचा विचारच करत नाही आणि त्याचा फटका कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांना जास्त बसतो, असा आरोप होता. ‘निर्णय आम्ही घेत नाही,’ असा कंपनीचा बचाव होता, पण तेवढ्यावर कोर्टाने खटला निकाली काढला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये २२ लाख डॉलरहून जास्त रकमेच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. कंपनीने चूक मान्य केली नाही. पण व्हाउचरवाल्या अर्जदारांसाठी असा स्कोअर, त्याची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय, पाच वर्षं न देण्याचं तिने मान्य केलं.

दुसरी अडचण चुकीच्या माहितीची. ‘अ‍ॅपफोलिओ’ने २०२० मध्ये ४२.५ लाख डॉलर भरले. भलत्याच माणसाच्या किंवा जुनाट नोंदी अर्जदाराच्या नावावर दाखवल्याचा आरोप सरकारी यंत्रणेने केला होता. आपल्या सिबिलची बहुतांश मालकी असलेल्या ‘ट्रान्सयुनियन’च्या स्क्रीनिंग कंपनीलाही २०२३ मध्ये अशाच प्रकरणात १.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

दाद कुठे मागायची?

१९७० च्या कायद्यानुसार नकार रिपोर्टमुळे असेल, तर मालकाने रिपोर्ट देणाऱ्या कंपनीचं नाव सांगायलाच हवं. अर्जदार ६० दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागू शकतो. चूक दाखवली की कंपनीला साधारण ३० दिवसांत तपासावी लागते. कागदावर हे छान आहे. पण ३० दिवस घर कोण रिकामं ठेवणार? चूक सुधारते, घर मात्र हातचं गेलेलं असतं.

महाराष्ट्रातून शिकायला जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे त्यांचा इतिहासच नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते दिसतच नाहीत. अर्ज करण्याआधीच मालकाला विचारा: क्रेडिट हिस्टरी नसेल तर बँक स्टेटमेंट, हमीदार किंवा जास्त डिपॉझिट चालेल का? फी भरल्यावर विचारून उपयोग नाही.

आपल्याकडे काय?

२००५ च्या कायद्यानुसार क्रेडिट माहिती बँका आणि ठरावीक संस्थांनाच मिळते. घरमालक त्यात बसत नाही. तो तुमच्याकडेच रिपोर्ट मागू शकतो. अशा वेळी पूर्ण रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, त्यात पॅन, पत्ते, कर्जं सगळं असतं. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आधी स्वतः वाचा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

घर बघायला निघण्याआधी हे केलं, तरच त्याचा उपयोग. नकार आल्यावर सुधारलेला रिपोर्ट पुढच्या घरासाठी कामाला येतो, गेलेल्या घरासाठी नाही.