अक्षता पडल्यावरची हरकत

अक्षता पडून गेल्यावर हरकत घेऊन काय उपयोग? नोव्हेंबर २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांच्यावर नेमकी हीच वेळ आली. शुक्रवारी संपायची परिषद रविवारच्या पहाटेपर्यंत रेंगाळली, अध्यक्षांनी हातोडा आपटला, ठराव संमत झाला आणि मग भारताला बोलायला मिळालं. ठराव पैशांचा होता. हवामानाचे सगळे वाद शेवटी तिथेच येऊन ठेपतात. विकसनशील देशांना दरवर्षी १.३ लाख कोटी डॉलर हवे होते. पदरात पडलं ३०० अब्जांचं आश्वासन, तेही २०३५पर्यंत गाठायचं. मोठा आकडा ठरावात आहे म्हणा, पण सगळ्यांनी मिळून प्रयत्न करावेत, इतक्या मोघम भाषेत. याआधी २००९मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज देऊ म्हटलं होतं. ते गाठलं २०२२मध्ये, आणि त्यातलाही मोठा हिस्सा कर्जाचा! शेजाऱ्याच्या धुराड्यानं आपल्या भिंती काळ्या कराव्यात आणि रंगसफेदीसाठी त्यानंच आपल्याला उसने पैसे द्यावेत, असा हा व्यवहार. भारत स्वतः उत्सर्जनात तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे खरं. पण दरडोई हिशेब केला तर आपण जागतिक सरासरीच्या बरेच खाली आहोत. बाकूतल्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोच, २० जानेवारी २०२५ला, अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली.