घाई माझी, दंड मुलाचा

बँकेतील प्रदीर्घ सेवेत मी कर्जदारांना असंख्य नोटिसा पाठविल्या. त्या हाती पडल्यावर घरात काय वातावरण होत असेल, याचा विचार करण्याची वेळ मात्र क्वचितच आली. गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, माझ्या मुलाच्या नावाने एक नोटीस निघाली आणि तिच्या वेळी मी त्याच्या शेजारीच बसलेला होतो. तो प्रसंग आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे स्थायिक आहेत आणि आपण वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जात असतो, म्हणून हा अनुभव केवळ माझ्या घरचा राहू नये असे वाटते.

त्या दिवशी एडिसन येथील एका परिचित व्यापाऱ्यांकडे सकाळी साडेआठला पोहोचायचे ठरले होते. निघायला उशीर झाला तो माझ्यामुळे. मुलगा शांतपणे गाडी चालवीत होता आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. रस्ता चार पदरी होता. मध्ये दुभाजक नव्हता, केवळ पिवळ्या रंगाच्या दोन रेघा होत्या. समोरून, म्हणजे पलीकडच्या बाजूने, पिवळी शालेय बस येत होती. तिचे पिवळे दिवे लुकलुकू लागले, ती थांबली, दिवे लाल झाले आणि तिच्या कुशीतून ‘थांबा’ अशा अर्थाची अष्टकोनी लाल पाटी बाहेर आली. मुलाने वेग कमी केला. तेव्हा मी म्हणालो, “अरे, बस तर पलीकडे आहे. तिचा आपल्याशी काय संबंध? चल, उशीर होतोय.” क्षणभर तो घुटमळला आणि गाडी पुढे गेली. बसच्या मागेच पोलिसांची गाडी होती.

पोलीस अधिकारी अत्यंत सौजन्याने बोलला. आवाज चढविला नाही, उपदेशही केला नाही. कागदपत्रे पाहिली, चलान लिहिले आणि एवढेच विचारले, “लाल दिवे दिसले होते ना?” मुलगा ‘हो’ म्हणाला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

तेथील नियम घरी आल्यावर नीट वाचला. न्यू जर्सीत लाल दिवे लावून शालेय बस उभी असेल, तर मागून येणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या वाहनांनी किमान २५ फूट अंतरावर थांबावयाचे असते. रस्त्याच्या मध्ये प्रत्यक्ष दुभाजक असेल, तरच पलीकडच्या वाहनाला सावकाश, ताशी १० मैल वेगाने, पुढे जाण्याची मुभा आहे. रंगाच्या रेघा म्हणजे दुभाजक नव्हे. पहिल्या गुन्ह्याला किमान १०० डॉलर दंड, किंवा १५ दिवसांपर्यंत कैद अथवा तितकेच दिवस समाजसेवा, अशी कायद्यात तरतूद आहे. शिवाय परवान्यावर ५ गुण चढतात. हे गुण म्हणजे गुणगौरव नव्हे! आपल्याकडे सिबिलच्या नोंदीवर थकबाकीचा डाग पडावा आणि पुढे प्रत्येक बँकेने तो पाहावा, तसाच हा प्रकार. तीन वर्षांत ६ किंवा अधिक गुण झाले, तर राज्य वेगळा अधिभार आकारते, आणि विमा कंपनीही ती नोंद पाहूनच हप्ता ठरविते. वर्षभर निष्कलंक गाडी चालविली, तर ३ गुण उतरतात. म्हणजे दंड एका दिवसात फिटतो, नोंद मात्र सावकाश पुसली जाते.

पलीकडच्या बाजूची वाहनेदेखील का थांबवायची, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला सात वर्षांच्या नातीने दिले. तीही अशाच बसने शाळेत जाते. रात्री जेवताना तिने सांगितले, “आजोबा, रस्ता ओलांडायचा असेल तर आम्ही बसच्या पुढून खूप लांब चालतो, म्हणजे ड्रायव्हरला दिसतो. काही खाली पडले तरी वाकायचे नाही. आणि ड्रायव्हरने हात दाखवला की मगच जायचे.” मग तिने निरागसपणे विचारले, “पण लाल दिवा असताना गाड्या थांबतातच ना?” त्या जेवणात तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हा दोघांपैकी कोणीही पुढे आले नाही.

सगळी व्यवस्था त्या एका विश्वासावर उभी आहे. बसच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल उंच आसनावरील चालकाला दिसत नाही आणि बसच्या आडून बाहेर पडणारे मूल इतर वाहनचालकांना ऐनवेळी दिसते. म्हणून तेथे मुलाने गाड्या चुकवायच्या नसून गाड्यांनी मुलासाठी थांबायचे, असा उलटा क्रम लावला आहे. बसचा पिवळा रंगही असाच विचारपूर्वक आला. १९३९ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील प्राध्यापक फ्रँक सायर यांनी निरनिराळ्या राज्यांतील अधिकारी आणि बस तयार करणाऱ्या कंपन्यांचे तज्ज्ञ यांची परिषद बोलाविली आणि शालेय बसची ४४ मानके ठरविली. पहाटेच्या आणि सायंकाळच्या अंधूक प्रकाशात ठळक दिसणारा, त्यावर काळी अक्षरे उठून दिसणारा तो पिवळा रंग तेव्हापासून रूढ झाला.

एवढे करूनही माणूस तो माणूसच. तेथील शालेय वाहतूक संचालकांची राष्ट्रीय संघटना बसचालकांकडून एका दिवसाची पाहणी करून घेते. २०१९ साली ३९ राज्यांतील सुमारे १ लाख ३० हजार बसचालकांनी त्या एका दिवसात ९५ हजारांहून अधिक वाहने थांबलेल्या बसला ओलांडून गेल्याचे नोंदविले. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, इंडियाना राज्यातील रोचेस्टर गावाजवळ पहाटेच्या अंधारात बसकडे निघालेली तीन भावंडे एका वाहनाखाली मृत्युमुखी पडली. वाहन चालविणाऱ्या महिलेला दिवे दिसले होते, परंतु ती शाळेची बस आहे हे वेळेत उमगले नाही. तिला तुरुंगवास झाला. तिच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. आपल्या परंपरेत यालाच ‘प्रमाद’ म्हणतात. हेतू नसला तरी बेसावधपणा हा दोषच, हे लहानपणापासून ऐकलेले तत्त्व मला त्या बातमीने नव्याने समजले.

चलान हाती आल्यावर मुलाने एका वकिलांना विचारले. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. सरकारी वकिलांशी बोलून गुण न लागणारे ‘असुरक्षित वाहन चालविणे’ हे सौम्य कलम मिळविण्याचा प्रयत्न करता येईल. रक्कम जास्त जाईल, पण परवाना स्वच्छ राहील. माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. थकीत कर्जांच्या एकरकमी तडजोडी मी किती केल्या असतील! मी लगेच म्हणालो, “करून टाक. पैसे मी देतो.”

ही तडजोड बेकायदा नाही आणि ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. मुलगा मात्र म्हणाला, “पप्पा, दिवे मला दिसले होते. मी थांबलो नाही. जे केले त्याच नावाने लिहिले जाऊ द्या. मुलीला सांगताना मला दुसरे नाव सांगायचे नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघे नगर न्यायालयात गेलो. मुलाने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दोन-तीन प्रश्न विचारले, दंड आणि न्यायालयाचा खर्च भरण्यास सांगितले, आणि पाच-सहा मिनिटांत काम संपले. उठून सांगावे असे फार वाटले, “साहेब, गाडी याने चालविली, पण घाई माझी होती.” परंतु न्यायालय चाकावर कोणाचा हात होता एवढेच पाहते. शेजारी बसून ‘चल, चल’ म्हणणाऱ्यासाठी कोणत्याच कायद्यात कलम नाही.

वाचकहो, हा विचार मला परतीच्या विमानातही सोडीत नव्हता. आपल्या व्यापारी घरांत हे वारंवार घडते. वडील गादीवर बसून म्हणतात, “एवढे काय पाहतोस? सगळे असेच करतात.” सही मुलाची असते, विवरणपत्र मुलाच्या नावाने जाते, आणि उद्या नोटीस आली तर तीही त्याच्याच नावाने येते. कर्जखात्यांच्या तपासणीत असे अनेक तरुण मी समोर मान खाली घालून बसलेले पाहिले. त्यांच्या वडिलांचा शब्द कोणत्याच कागदावर नसे. आपली घाई आपण मुलांच्या नावे खर्ची टाकतो, हे त्या वेळी मला कळले नाही, कारण तेव्हा मी टेबलाच्या अलीकडे होतो.

आपल्याकडेही शालेय बसबाबत नियम आहेत. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीतील वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शालेय बसविषयी निर्देश दिले, आणि महाराष्ट्रात २०११ पासून शालेय बससाठी स्वतंत्र नियमावली लागू आहे. बस कशी असावी, वेग किती असावा, हे त्यांत आहे. परंतु बस थांबली की मागून कर्णे वाजविणारे आणि डावीकडून स्कूटर घुसविणारे आपणच असतो. मुले उतरण्याची बाजू नेमकी तीच. पुण्याला परतल्यापासून मी अशा वेळी थांबतो. मागचे लोक ओरडतात. साधारण अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांना एकच विनंती. तेथील रस्त्याचे नियम आपण चालक नसलो तरी वाचून जावेत, आणि ते जमले नाही तर गाडीत मौन पाळावे.

विम्याचा हप्ता वाढला, तेव्हा फरकाची रक्कम देण्याची तयारी मी फोनवर दाखविली. मुलगा हसून म्हणाला, “पप्पा, पुढच्या वेळी शेजारी बसून घड्याळ पाहिले नाहीत, तरी सगळे फिटले.”

यंदा जाताना घड्याळ घरीच ठेवण्याचा विचार आहे.