पिकलेली सुई

शल्यचिकित्सक या नात्याने मी आजवर पुष्कळ गळवे फोडली. परंतु इंजेक्शनच्या जागी झालेले गळू मला नेहमी अस्वस्थ करते. इतर व्याधी रोगी घेऊन येतो, ही व्याधी त्याला आम्ही दिलेली असते.

'सुई पिकली' असे आपण सहज म्हणतो. सुई आपोआप पिकत नाही. न धुतलेले हात, घाईत न पुसलेली त्वचा, अनेक मात्रांच्या बाटलीच्या रबरी बुचात दिवसभर खोचून ठेवलेली सुई, यांतून स्टॅफिलोकॉकससारखे जंतू स्नायूत शिरतात. व्यवसायाच्या आरंभी अशी खोचलेली सुई माझ्याही दवाखान्यात असे, हे येथे कबूल केले पाहिजे.

चार-सहा दिवसांत पिकणारे गळू लगेच ओळखता येते. काही गाठी मात्र कित्येक आठवड्यांनी वर येतात, फोडल्या तरी वाहत राहतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अशा वेळी औषधे बदलत न बसता, पाण्यात आढळणाऱ्या अटिपिकल मायकोबॅक्टेरियांचा संशय घ्यावा व पू त्या तपासणीसाठी मुद्दाम सांगून पाठवावा.

गळू निदान दिसते तरी. दूषित सुईने जाणारी कावीळ टोचताना दिसत नाही. २००९ साली आपल्या गुजरातेत, मोडासा परिसरात, पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले.

'रोगीच सुई मागतो' हा आमचा ठरलेला युक्तिवाद. पण ही मागणी त्याला शिकवली कोणी? गोळीने भागणाऱ्या तापाला व अंगदुखीला सुई टोचून आम्हीच तिची प्रतिष्ठा वाढवली. गळू फोडून घेण्यास आलेल्या एका बाईंनी मला विचारले होते, ''डॉक्टरसाहेब, ताप तर दुसऱ्याच दिवशी उतरला होता; मग हे कशासाठी?'' माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून समव्यवसायी मित्रांना विनंती, की पिकलेल्या प्रत्येक सुईची नोंद ठेवावी आणि ती टोचणाऱ्या सहकाऱ्याला, दोष न देता, कळवावे. वाचकांनीही दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत : गोळीने भागणार नाही का? आणि नव्या सिरिंजचे पाकीट माझ्यासमोर फोडाल का? या प्रश्नांनी डॉक्टरांचा अवमान होत नाही. झालीच तर आमची चूक टळते.